चहात बुडवलेले टोस्ट आणि न उतरणारी साखर: दिंडोरीच्या एका बाईंचं प्रकरण

दिंडोरी तालुक्यातल्या चौपन्न वर्षांच्या एक शेतकरी बाई. घरची द्राक्षबाग, आठ वर्षांपासून मधुमेह, त्यानंतर लागलेला रक्तदाब. नाशिकमधल्या त्यांच्या फिजिशियननी माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं: गोळ्या वाढवूनही साखर आटोक्यात येत नाही, इन्सुलिन सुरू करण्याचा विचार आहे, तोंडाला वास येतो, कृपया दात पाहावेत. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. हे लिहायला बाईंची आणि त्यांच्या सूनबाईंची हरकत नाही.)

अशी चिठ्ठी क्वचितच येते. मधुमेहाच्या रुग्णाचे पाय पाहिले जातात, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासला जातो, लघवीतलं प्रथिन मोजलं जातं. तोंड मात्र 'दातांच्या डॉक्टरांचं काम' म्हणून फाइलच्या बाहेरच राहतं. दात दुखल्याशिवाय आमच्याकडे कोणी येत नाही, आणि हिरड्यांच्या आजाराची पंचाईत अशी की तो बराच पुढे जाईपर्यंत दुखतच नाही.

बाईंची स्वतःची तक्रार वेगळीच होती. "खालचे पुढचे दात हालतात. सगळे काढून टाका मॅडम आणि कवळी द्या, म्हणजे कटकट गेली." साखरेबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. ते सूनबाईंनी सांगितलं, आणि जरा चिडूनच सांगितलं: "आई लपून गोड खातात असं आम्हाला वाटतं. नाहीतर एवढ्या गोळ्या घेऊन साखर वाढेल कशी?" बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, उत्तर दिलं नाही.

तोंडात काय दिसलं

तोंडात चोवीस दात होते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटणाचा, म्हणजे दातांवर साचून टणक झालेल्या घाणीचा, सलग थर, इतका जाड की दात एकमेकांना त्यानेच बांधून ठेवले होते. हिरड्यांचा रंग काळपट. वरच्या पुढच्या दातांमध्ये हिरडी फुगून फटीत शिरलेली. हे फुगणं मला खटकलं, कारण ते नुसत्या सुजेसारखं मऊ नव्हतं, घट्ट होतं. औषधांची यादी पाहिली तर रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन होतं. या गटातल्या औषधांनी काही रुग्णांच्या हिरड्या वाढतात. त्यात कीटण असेल तर जास्तच वाढतात, आणि वाढलेल्या हिरडीखाली ब्रश पोहोचत नाही म्हणून आणखी कीटण साचतं.

प्रोबने, म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळईने, दातांभोवतीच्या खोबणी मोजल्या. निरोगी हिरडीत ही खोबण एक ते तीन मिलिमीटर खोल असते. इथे बऱ्याच ठिकाणी पाच ते सात होती. ओपीजीमध्ये, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, दाढांभोवतीचं हाड निम्म्याहून जास्त झिजलेलं होतं. खालच्या उजव्या दोन दाढा वाचण्यासारख्या नव्हत्या. त्या दिवशीची साखर, जेवण होऊन दोनेक तासांनी, २३८. महिन्याभरापूर्वीची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ९.२ टक्के.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. एवढा आजार असताना हिरड्यांतून रक्त फारसं येत नव्हतं. "ब्रश करताना रक्त येतं का?" विचारलं तर बाई म्हणाल्या, "ब्रश कुठं करते मी? मिश्री लावते." लग्न झाल्यापासून. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपण्याआधी.

मिश्री म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखू. आपल्याकडे गावोगावी तिला दात घासण्याचं साधन मानतात, आणि लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत. केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण तव्यावर घरीच भाजल्या जाणाऱ्या मिश्रीला ती कशी लागू होणार? निकोटीन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. त्यामुळे रक्त कमी येतं, सूज झाकली जाते, आणि आत हाड झिजत असताना वरून 'मिश्रीने हिरड्या घट्ट राहतात' हा समज पक्का होत जातो. या समजाशी भांडणं कठीण आहे, कारण बाईंचा अनुभव खरा असतो. चुकतो तो त्या अनुभवाचा अर्थ.

ब्रश न केल्याने काय होतं हे डेन्मार्कमध्ये १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ करूनच पाहिलं. धडधाकट हिरड्यांच्या लोकांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात ताळ्यावर आल्या. तिथे सूज आली तशी गेली, कारण मामला काही आठवड्यांचा होता. बाईंच्या हिरड्यांवर कीटण साचत गेलं होतं तीसेक वर्षं, आणि झिजलेलं हाड ब्रशने परत येत नाही.

साखर हिरडीला, हिरडी साखरेला

मधुमेहात हिरड्या का बिघडतात हे समजायला सोपं आहे. रक्तात साखर जास्त राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, जखम भरायला वेळ लागतो. याच लो यांनी १९९३ मध्ये हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, मूत्रपिंडं, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या आधीच्या पाच. आज आजाराची प्रत ठरवताना आम्ही एचबीए१सी विचारतोच. ती सात किंवा त्याहून जास्त असली तर आजार झपाट्याने वाढणाऱ्यांच्या प्रतीत जातो.

उलटी दिशा लोकांना पटत नाही. तोंडातल्या आजाराने साखर कशी वाढेल? खोल खोबणीच्या आतलं अस्तर सोललेलं असतं. तिथे राहणारे जंतू, त्यात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा कुप्रसिद्ध, आणि त्यांची विषारी द्रव्यं थोडी थोडी रक्तात झिरपत राहतात. त्यांच्याविरुद्ध शरीर जी दाहक रसायनं सोडतं, त्यांतली काही पेशींवर इन्सुलिनचं काम अडवतात. व्याख्यानांत 'तळहाताएवढी जखम' म्हणायची पद्धत आहे, पण ती अतिशयोक्ती. अशा रुग्णांत मोजलेलं सुजलेल्या अस्तराचं क्षेत्रफळ साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं. तेही थोडं नाही. एवढी उघडी जखम मधुमेहाच्या रुग्णाच्या तळपायावर असती, तर घरच्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठला असता.

उपचार केल्यावर साखर किती उतरते? २०२२ मध्ये कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने, पस्तीस अभ्यास एकत्र तपासले. हिरड्यांखालची खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ने कमी झाली, असा त्यांचा निष्कर्ष. २०१८ मध्ये लंडनच्या एका चाचणीत बारा महिन्यांनी फरक ०.६ निघाला. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतली पाचशेवर रुग्णांची चाचणी मात्र काहीच फरक दिसत नाही म्हणून मध्येच थांबवली गेली. तिच्यावर टीका अशी की तिथे सफाईनंतरही अनेकांच्या हिरड्या सुजलेल्याच होत्या. एकूण पाहता, परिणाम आहे, पण तो एखाद्या जास्तीच्या गोळीएवढा. चमत्कार नाही.

बाईंची ९.२ ही ०.४ने उतरून ८.८ झाली असती. तेवढ्याने फिजिशियनचा प्रश्न सुटत नव्हता.

ताटातलं कारण

खरा धागा सापडला तो एका साध्या प्रश्नातून. "मावशी, सकाळपासून काय काय खाल्लंत ते सांगा, आणि कसं खाल्लंत तेही सांगा."

सकाळी चहा आणि टोस्ट, चार-पाच, बुडवून. दहाच्या सुमारास मजुरांबरोबर पुन्हा चहा, पुन्हा टोस्ट. दुपारी वरण-भात कुस्करून. बाजरीची भाकरी वर्षभरापासून बंद, कारण कडेचा घास मोडायला पुढचे दात लागतात आणि ते हलत होते. उजव्या दाढांवर काही ठेवलं की ठणका. मटकीची उसळ नको, काकडी-गाजर नको, शेंगदाणे तर नकोच. संध्याकाळी पोळी दुधात कुस्करून. केळं चालतं. हंगामात घरचीच द्राक्षं, ती मऊ.

आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता घरी फ्रिजवर लावलेला होता, सूनबाईंनीच लावला होता. त्यावर होतं: भाकरी, मोड आलेली कडधान्यं, कोशिंबीर, मूठभर दाणे. तक्त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाला दाढा लागतात. बाईंना ते चावता येतं का, हे कोणी विचारलं नव्हतं. आणि बाईंनी सांगितलं नव्हतं, कारण 'पथ्य पाळत नाही' हे बोलणं आधीच घरात सुरू झालं होतं. त्या गोड लपून खात नव्हत्या. मैदा, भात आणि केळं सगळ्यांसमोर खात होत्या, आणि त्यांनी साखर चढते हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं.

तोंड आणि बाकीचं शरीर यांचा संबंध सांगताना सगळा भर जंतू रक्तात जाण्यावर असतो. त्यात सनसनाटी आहे म्हणून असेल. माझ्या पाहण्यात चावण्याचा रस्ता तितकाच मोठा आहे, मधुमेहात तर कधी कधी जास्तच. ज्याला चावता येत नाही तो मऊ खातो, आणि आपल्या स्वयंपाकघरात मऊ म्हणजे बहुतेक वेळा भात, मैदा, साबुदाणा, गोड दूध.

काय केलं

फिजिशियनना मी दोन गोष्टी लिहिल्या: अ‍ॅम्लोडिपिनऐवजी दुसरं काही चालेल का, आणि इन्सुलिनचा निर्णय तीन महिने पुढे ढकलता येईल का. औषध बदलणं माझ्या हातात नाही. रुग्णाने ते मनाने बंद करणं तर धोक्याचंच. त्यांनी टेल्मिसार्टन दिलं, आणि घरी ठरलेल्या दिवशी साखर मोजायच्या अटीवर तीन महिने थांबायला तयार झाले. मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी नुकत्याच वाढवल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. ही शेवटची गोष्ट पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवायला हवी.

खोल सफाई दोन बैठकांत झाली, भूल देऊन, सकाळी नाश्ता आणि गोळ्या घेतल्यावर. मधुमेहाचे रुग्ण 'दात काढायचे' म्हणून उपाशी येतात आणि खुर्चीत साखर उतरून घामाघूम होतात, म्हणून हे आधीच बजावून सांगावं लागतं. दोन दाढा काढल्या. कीटण निघाल्यावर खालचे दात आधीपेक्षा जास्त हलतात असं वाटणारच होतं, कारण त्यांना बांधून ठेवणारा थर गेला. 'सफाईने दात हलतात' हा समज नाशिकमध्ये काय, सगळीकडेच आहे. म्हणून सफाईआधी आरसा धरून तो थर बाईंना दाखवला, आणि ते दात तारेने एकमेकांना बांधले. सगळे दात काढून कवळी द्यायचा विषय तिथेच संपला. कवळीवर भाकरी चावणं हलणाऱ्या दातांवर चावण्यापेक्षा सोपं नसतं, हेही सांगितलं.

आता रोजच्या सवयीचा भाग. खरं काम इथेच होतं.

दिवसातून दोनदा ब्रश, मऊ ब्रिसल्स, फ्लोराइड पेस्ट, दातांच्या फटींसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश. हे कागदावर लिहून देणं सोपं. पण ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली होती. छाटणीनंतर वेलींच्या काड्यांना पेस्ट लावणं, मग डावणी या द्राक्षावरच्या रोगाच्या भीतीने फवारण्या, माणसांचं जेवणखाण. अशा दिवसांत रात्री दमून आलेली बाई 'आणखी एक काम' म्हणून ब्रश हातात घेणार नाही. म्हणून नवीन काम द्यायचंच नाही असं ठरवलं. रात्री भांडी झाल्यावर मिश्रीसाठी त्या मोरीजवळ पाच मिनिटं बसत, रोज, न चुकता. ती जागा आणि ती वेळ तशीच ठेवली. डबीच्या जागी ब्रश ठेवला. सकाळच्या मिश्रीला सुरुवातीला हात लावला नाही. "ती नाही लावली तर पोट साफ होत नाही," हे त्यांचं म्हणणं, आणि निकोटीनने आतड्याला चालना मिळते हे खोटं नाही.

रात्रीची वेळ निवडण्यामागे आणखी एक कारण होतं. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे तोंडाची राखण कमी होते. दोनपैकी एकच वेळ जमणार असेल तर ती रात्रीचीच असावी. कडुलिंबाच्या काडीबद्दलही बाईंनी विचारलं. नीट चावून, हलक्या हाताने वापरली तर ती दातांचे पृष्ठभाग साफ करते, पण फटींत शिरत नाही, आणि यांचा सगळा आजार फटींतच होता.

दहा-बारा दिवसांनी सूनबाईंचा फोन. रक्त येतंय, ब्रश लालभडक होतो, आई म्हणतात मिश्रीच बरी होती. बरेच जण नेमके इथूनच मागे फिरतात. तंबाखू कमी केल्यावर आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि इतके दिवस दडलेली सूज रक्ताच्या रूपाने बाहेर दिसते. बाईंना फोनवर मी एवढंच सांगितलं की आधी रक्त येत नव्हतं तेव्हा हिरडी बरी नव्हती, दबलेली होती. ब्रश सोडू नका, दोन आठवडे जाऊ द्या. मध्ये एकदा दवाखान्यात बोलावून, एका कोपऱ्यात राहिलेलं कीटण काढलं. महिन्याच्या आत रक्त जवळजवळ थांबलं. दुपारची मिश्री त्यांनी नंतर आपणहून सोडली. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. नंबर दिला, त्यांनी कधी लावला नाही.

आकडे आणि त्यांचं श्रेय

डिसेंबरमध्ये एचबीए१सी ८.१. वरच्या पुढच्या हिरड्यांचा फुगवटा बराच उतरला होता. बहुतेक खोबणी तीन-चार मिलिमीटरवर आल्या, काही दाढांभोवती पाच राहिल्या. इन्सुलिनचा विचार फिजिशियननी बाजूला ठेवला.

घरात लगेच 'दातांमुळे साखर उतरली' असं झालं. मला ते तसं मान्य नाही, आणि इथे थोडा हिशेब करायला हवा. ९.२ ते ८.१ म्हणजे १.१चा फरक. चाचण्यांची सरासरी धरली तर सुजेच्या उपचाराच्या वाट्याला ०.४च्या आसपास येतं. गोळ्या आमच्या उपचाराच्या थोड्या आधीच वाढवल्या होत्या. एचबीए१सी तीन महिन्यांचं चित्र देते, म्हणजे त्या वाढीचा पूर्ण परिणाम आधीच्या अहवालात उतरलेला नसणार. छाटणीच्या हंगामात बाई दिवसभर बागेत चालत-वाकत होत्या, त्याने साखर कमी होतेच. निकोटीन इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं, त्यामुळे मिश्री कमी झाल्याचाही थोडा वाटा असेल. आणि आहार: ठणकणाऱ्या दाढा गेल्यावर पाच-सहा आठवड्यांत भाकरी परत आली, आधी दुधात मऊ करून, मग आमटीबरोबर कोरडी. सकाळच्या टोस्टच्या जागी मुगाचं धिरडं. माझ्या अंदाजाने सगळ्यात मोठा वाटा याच बदलाचा असावा. एका रुग्णात हे वेगळं काढून सिद्ध करता येत नाही. म्हणूनच तर मोठ्या चाचण्या लागतात.

हृदयाबद्दल सूनबाईंनी विचारलं होतं, मोबाइलवर कुठेतरी वाचून. तिथे माझं उत्तर आणखी सावध असतं. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकत्र दिसतात. पण हिरड्या बऱ्या केल्याने हार्ट अटॅक टळतो असा पुरावा नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट म्हटलं. दोघांची कारणंही सारखीच आहेत, तंबाखू आणि मधुमेह. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे त्यांची गोष्ट वेगळी. तोंडातले जंतू तिथे जाऊन बसू शकतात, हे पक्कं ठाऊक आहे. अशांनी दात काढण्याआधी ते सांगायलाच हवं. गर्भवतींच्या बाबतीत हिरड्यांच्या उपचाराने मुदतपूर्व प्रसूती कमी होईल ही आशा मोठ्या चाचण्यांत टिकली नाही, तरी उपचार सुरक्षित आहे हे त्यांतूनच कळलं. प्रत्येक दाव्याचं वजन वेगळं असतं. 'सगळ्या रोगांचं मूळ तोंडात' अशी वाक्यं मी रुग्णांना सांगत नाही.

खर्चाचं म्हणाल तर खोल सफाई दाढेला टोपी बसवण्यापेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात ती खासगी दवाखान्याहून कमी पैशांत होते. दाढा गमावल्यावर त्या परत बसवणं महाग.

मार्चमधल्या तपासणीला बाई एकट्या आल्या, बसने. माल निघायचे दिवस होते, सूनबाई बागेत अडकल्या होत्या. एचबीए१सी ७.५. "घरात आता कोणी मला लपून खाते म्हणत नाही," त्या आपणहून म्हणाल्या. हिरड्या गुलाबी नाहीत, काळपट डाग तसेच आहेत आणि ते जाणार नाहीत, पण सूज नाही. गालाच्या आतली तपासणीही केली. मिश्रीवाल्यांत ती दर वेळी करावीच लागते. पांढरा चट्टा नव्हता. सकाळची मिश्री चालूच आहे. रात्रीचा ब्रश होतो, सकाळचा हुकतो. खालच्या एका पुढच्या दाताचं मला अजून खात्रीने सांगता येत नाही.

उजवीकडच्या काढलेल्या दाढांच्या जागी काय बसवायचं, यावर बोलणं झालं. काढघाल करता येणारे दात स्वस्त, पण त्यांच्या कडांनी शेजारच्या दातांवर घाण साचते आणि यांना ते परवडणारं नाही. इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताला, एचबीए१सी सातच्या आसपास स्थिरावलेली हवी, आणि तंबाखू पूर्ण बंद. त्याचा खर्च ऐकून बाई म्हणाल्या, "यंदा अवकाळीनं मणी तडकले, भाव बघून सांगते." पुढची खोल तपासणी खरड छाटणी उरकल्यावर ठेवली आहे. तोपर्यंत डाव्या बाजूने चावायचं.